घड्याळ 'रिकव्हर' झालं की परत मिळालं?

वाचकाचं पत्र

प्रवासात माझ्या वडिलांचं मनगटी घड्याळ हरवलं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ते मी रोज हातात घालत होते. ज्या बाईंना ते सापडलं, त्यांनी मागच्या बाजूला कोरलेल्या नावावरून माझा शोध घेतला आणि घड्याळ पार्सलने घरी पाठवलं. त्यांना मराठी येत नाही, म्हणून मी आभाराचं पत्र इंग्रजीत लिहिलं. पहिलं वाक्य असं होतं : 'माय फादर्स वॉच हॅज रिकव्हर्ड बिकॉज ऑफ यू.' शेवटचं असं : 'आय हॅव नॉट रिकव्हर्ड माय फादर्स डेथ.' ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला वाचून दाखवलं, तर तो हसून म्हणाला, "घड्याळाला काय ताप आला होता?" शब्दकोश उघडला. तिथे रिकव्हर, रिगेन, रिट्रीव्ह, गेट बॅक या सगळ्यांपुढे 'परत मिळवणे' एवढंच लिहिलेलं. मग नेमका कोणता शब्द कुठे वापरायचा? तीन आठवडे झाले, पत्र तसंच पडून आहे.

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी हे सांगते की तुमची दोन्ही वाक्यं अगदी थोडक्यात चुकली आहेत, आणि पहिलं ज्या कारणाने चुकलं ते कारण मराठीत शंभर टक्के बरोबर आहे. तुमच्या सहकाऱ्याला चूक दिसली, पण ती कुठून आली ते दिसलं नाही. ते एकदा कळलं की हा शब्द पुन्हा अडवणार नाही.

आपण मराठीत काय म्हणतो? 'मला घड्याळ मिळालं.' चावी असेल तर 'मिळाली', चाव्या असतील तर 'मिळाल्या'. क्रियापद कोणाच्या मागे चाललंय बघा. वस्तूच्या. 'मला' बाजूला उभं आहे, वाक्य घड्याळाचं आहे. ज्याची वस्तू हरवली होती तो माणूस 'मला', 'तिला', 'आईला' असा चतुर्थीत बसतो आणि वस्तू आपणहून चालत आल्यासारखी त्याच्याकडे येते. तुम्ही इंग्रजीत हीच रचना नेली. घड्याळ कर्ता झालं, रिकव्हर क्रियापद झालं, आणि 'मला' गळून पडलं कारण इंग्रजीत त्याला बसायला जागाच नव्हती.

शिवाय इंग्रजीही अशा वेळी फसवते. 'द डोअर ओपन्ड' चालतं, 'द ग्लास ब्रोक' चालतं. दार कोणीतरी उघडलेलं असतं, तरी वाक्य दाराचं असतं. मग 'द वॉच रिकव्हर्ड' का चालू नये? तर रिकव्हर या क्रियापदापुढे कर्म नसेल, तर त्याचा अर्थच बदलतो. कर्म असेल तेव्हा 'परत मिळवणे', कर्म नसेल तेव्हा 'बरं होणे, सावरणे'. 'द पेशंट रिकव्हर्ड' म्हणजे रुग्ण बरा झाला. 'द मार्केट रिकव्हर्ड' म्हणजे घसरलेला बाजार सावरला. त्यामुळे 'द वॉच हॅज रिकव्हर्ड' वाचणाऱ्याला घड्याळ आजारातून उठल्याचं चित्र दिसतं. कॉम्प्युटरच्या बाबतीत हीच चूक सर्रास होते. 'माय फाइल रिकव्हर्ड' असं लोक लिहितात, तिथे 'माय फाइल वॉज रिकव्हर्ड' हवं. एका 'वॉज'ने काम होतं. मात्र 'द सिस्टम रिकव्हर्ड' हे बरोबर आहे, कारण सिस्टम बिघडली होती आणि ती स्वतःच सावरली.

मनात एक प्रश्न विचारायची सवय लावा : ज्याचं काही गेलं होतं, तो कोण? रिकव्हरचा कर्ता सहसा तोच, नाहीतर त्याच्यासाठी वस्तू शोधून ताब्यात आणणारा. रुग्णाची तब्येत गेली होती, म्हणून रुग्ण रिकव्हर होतो. बाजाराचा भाव गेला होता, म्हणून बाजार रिकव्हर होतो. घड्याळाचं काहीच गेलं नव्हतं. गेलं होतं ते तुमचं. म्हणून कर्ता तुम्ही : 'आय रिकव्हर्ड माय फादर्स वॉच.' हे वाक्य व्याकरणात निर्दोष आहे.

तरीही ते तुमच्या पत्रात घालू नका.

आपल्याकडे 'मिळणे' आणि 'मिळवणे' असे दोन शब्द आहेत, आणि त्यांच्यातला फरक आपल्याला लहानपणापासून रक्तात माहीत असतो. 'मला नोकरी मिळाली' आणि 'मी नोकरी मिळवली' यांत नोकरी एकच, पण दुसऱ्या वाक्यात घाम आहे आणि श्रेयही आहे. रिकव्हर हा 'मिळवणे'च्या घरातला शब्द आहे. तो वापरला की करणारा कोणीतरी उभा राहतो, ज्याने शोध घेतला, पाठपुरावा केला आणि वस्तू ताब्यात आणली. तुमच्या गोष्टीत हे सगळं त्या बाईंनी केलं. त्यांना आभाराच्या पत्रात 'आय रिकव्हर्ड' लिहिलं, तर त्यांचं श्रेय न कळत तुमच्या नावावर जमा होतं. तुमचं मन तसं नाही हे पत्रावरून स्पष्ट दिसतं, मग शब्दही तसा नको.

रिकव्हरला हा वजनदार सूर कसा आला याची गोष्ट मला फार आवडते. मुळात लॅटिनचं रेकुपेरारे, म्हणजे परत मिळवणं. ते जुन्या फ्रेंचमध्ये गेलं आणि तिथून इंग्रजीत आलं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, तेव्हापासून कितीतरी पिढ्या तिथल्या दरबाराची आणि न्यायालयांची भाषा फ्रेंच होती. १३६२ साली कायदा करावा लागला की कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत, कारण लोकांना फ्रेंच कळेनाशी झाली होती. भाषा गेली, शब्द राहिले. हातून गेलेली जमीन दावा लावून परत मिळवायची तरी रिकव्हर, आणि भरपाई मिळवायची तरी रिकव्हर. 'टू रिकव्हर डॅमेजेस' हा प्रयोग आजही वकिलांच्या तोंडी असतो, आणि गंमत म्हणजे त्यातला पैसा आधी तुमच्या खिशात असावाच लागत नाही. कोर्टाने तो तुम्हाला मिळवून दिला एवढं पुरतं. कर्जाची वसुली म्हणजे 'रिकव्हरी' हा अर्थही याच कुळातला. म्हणूनच हा शब्द पोलीस, वकील आणि बँका यांच्याकडे सहज शोभतो, आणि दोन माणसांमधल्या पत्रात थोडा ताठ वाटतो.

एका खऱ्या घटनेत हे शब्द नीट वाटले गेले आहेत. १९६६ साली इंग्लंडमध्ये फुटबॉलचा विश्वचषक व्हायचा होता. त्याआधी मार्चच्या २० तारखेला लंडनमधल्या प्रदर्शनातून तो चषक चोरीला गेला. आठवड्याभराने पिकल्स नावाच्या कुत्र्याला दक्षिण लंडनमध्ये एका कुंपणाच्या झुडपाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी सापडलं. तो चषक होता. आता तीन वाक्यं करून बघा. 'पिकल्स फाउंड द ट्रॉफी.' कुत्र्याला ती सापडली, तो काही तपासावर नव्हता. 'द पोलीस रिकव्हर्ड द ट्रॉफी.' ती ताब्यात आली, प्रकरणाची नोंद झाली. 'द ऑर्गनायझर्स गॉट द ट्रॉफी बॅक.' आयोजकांची वस्तू आयोजकांकडे परत आली. घटना एक, क्रियापदं तीन, आणि प्रत्येकाच्या वाट्याला ज्याचं त्याचं काम आलं. पुढे तोच चषक ब्राझीलला कायमचा मिळाला आणि १९८३ साली रिओ द जानेरोमधून पुन्हा चोरीला गेला. त्याबद्दल इंग्रजीत लिहितात, 'इट हॅज नेव्हर बीन रिकव्हर्ड.' इथे दुसरा शब्द चालणार नाही. शोध झाला, तपास झाला, हाती काही लागलं नाही, हे सगळं त्या एका शब्दात आहे.

तुमच्या गोष्टीत पिकल्सची जागा त्या बाईंची. त्यांना घड्याळ 'सापडलं', म्हणून त्यांच्यासाठी 'फाइंड'. तुम्हाला ते 'परत मिळालं', म्हणून तुमच्यासाठी 'गेट बॅक'. 'आय गॉट इट बॅक' हे आपल्या 'मला परत मिळालं'च्या सगळ्यात जवळचं वाक्य आहे. कर्ता 'आय' असला तरी 'गेट'मध्ये फुशारकी नाही. पत्र मिळतं तेव्हाही 'गेट', सर्दी होते तेव्हाही 'गेट'. माणसाकडे काहीतरी आलं, एवढंच तो सांगतो. पुष्कळांना वाटतं की 'गेट' हा बोलण्यातला हलका शब्द आहे आणि लिहिताना भारी शब्द हवा. मला हे मुळीच पटत नाही. मनापासून लिहिलेल्या पत्रात साधा शब्दच जड असतो.

'गेट बॅक' वापरताना एकच पथ्य आहे. सर्वनाम मध्ये बसतं : 'गॉट इट बॅक'. 'गॉट बॅक इट' कधीच नाही. पूर्ण नाम असेल तर 'गॉट बॅक माय वॉच' चालतं, पण 'गॉट माय वॉच बॅक' अधिक सहज वाटतं. आणि रिकव्हरला 'बॅक' जोडू नका. 'रिकव्हर्ड बॅक' ही चूक आपल्याकडून फार होते, कारण मराठीत 'परत' हा शब्द वेगळा उच्चारावा लागतो आणि तो इंग्रजीत कुठे गेला असं वाटत राहतं. तो 'रि'मध्ये आधीच आहे. 'रिटर्न बॅक'चंही तेच.

आता तुमचं शेवटचं वाक्य. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ते तुम्ही खोडू नये असंही वाटतं. 'आय हॅव नॉट रिकव्हर्ड माय फादर्स डेथ' यात फक्त 'फ्रॉम' राहिलं आहे. पण हे राहिलेलं 'फ्रॉम' अर्थ उलटापालटा करतं, म्हणून इथे जरा थांबते.

गेलेली गोष्ट परत हातात आली, तर ती रिकव्हरपुढे थेट येते : रिकव्हर्ड द वॉच, रिकव्हर्ड द मनी. ज्या संकटातून माणूस बाहेर आला, ते 'फ्रॉम' घेऊन येतं : रिकव्हर्ड फ्रॉम द फीव्हर, रिकव्हर्ड फ्रॉम द शॉक. आता 'लॉस' हा शब्द दोन्हीकडे घालून बघा. 'शी रिकव्हर्ड हर लॉसेस' म्हणजे तिचे बुडालेले पैसे निघाले. 'शी रिकव्हर्ड फ्रॉम हर लॉस' म्हणजे ती दुःखातून सावरली. पहिल्यात गेलेलं परत आलं. दुसऱ्यात गेलेलं परत आलेलंच नाही, तरी माणूस उभा राहिला. मराठीत आपण 'नुकसान भरून निघालं' आणि 'धक्क्यातून सावरली' असे दोन निराळे शब्द वापरतो, म्हणून गोंधळ होत नाही. इंग्रजीत क्रियापद एकच आणि सगळा भार त्या छोट्याशा 'फ्रॉम'वर. तो लक्षात ठेवायला आपलाच '-तून' उपयोगी पडतो : आजारातून उठणं, दुःखातून सावरणं, धक्क्यातून बाहेर येणं. मराठीत 'तून' आला की इंग्रजीत 'फ्रॉम' आणा.

यात एक गल्ली आहे तीही दाखवून ठेवते. वस्तू कुठून काढली हे सांगतानाही 'फ्रॉम' येतो : 'दे रिकव्हर्ड द रिंग फ्रॉम द वेल.' अंगठी विहिरीतून काढली. इथे 'रिंग' हे कर्म मध्ये बसलेलं आहे, म्हणून अर्थ 'परत मिळवणे' हाच राहतो. कर्म आहे का नाही, एवढं आधी बघायचं. 'फ्रॉम' नंतर.

शब्दकोशातल्या बाकीच्या शब्दांचं भांडण तुम्हाला या पत्रासाठी सोडवायची गरज नाही, पण विचारलंत म्हणून सांगते. 'रिगेन' हा हरवलेल्या वस्तूंचा शब्द नाही, तो माणसाच्या अंगातल्या गोष्टींचा आहे : शुद्ध, ताकद, आत्मविश्वास, तोल, ताबा. बेशुद्ध माणूस शुद्धीवर आला की 'शी रिगेन्ड कॉन्शसनेस'. घड्याळ रिगेन करत नाहीत. 'रिट्रीव्ह'मध्ये जाऊन काढून आणण्याची क्रिया आहे. वस्तू कुठे आहे ते बहुतेक वेळा माहीत असतं, तिच्यापर्यंत पोचायचं असतं. कपाटावरची पेटी, कॉम्प्युटरमधली माहिती, गच्चीवर अडकलेला चेंडू. हा शब्दही फ्रेंचमधून आला, 'पुन्हा शोधणे' या अर्थाने, आणि शिकारीच्या कुत्र्यांशी त्याची जुनी सोबत आहे. पडलेला पक्षी तोंडात धरून मालकापर्यंत आणणारा कुत्रा तो रिट्रीव्हर. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये तयार झालेल्या गोल्डन रिट्रीव्हर जातीचं नाव त्याच कामावरून पडलं. 'रिकूप' फक्त पैशाचा : घातलेला खर्च भरून काढणे. 'रिक्लेम' हक्काचा : हे माझं आहे असं सांगून परत घेणे, म्हणून काही विमानतळांवर सामान घ्यायच्या जागी 'बॅगेज रिक्लेम' लिहिलेलं असतं. आणि गहाण टाकलेली वस्तू सोडवायची असेल तर 'रिडीम'.

'रिक्युपरेट' हा रिकव्हरचा सख्खा भाऊ, त्याच लॅटिन शब्दातून आलेला. तो सहसा आजारपणानंतरच्या विश्रांतीपुरता राहिला आहे. 'शी इज रिक्युपरेटिंग अ‍ॅट होम' म्हणजे घरी आराम करत हळूहळू तब्येत भरून येतेय.

लिहिता लिहिता आणखी एक आठवलं, तुमच्या पत्राशी त्याचा संबंध नाही. 'कव्हर'मध्ये 'रि' घातला की रिकव्हर होतो असा पुष्कळांचा समज असतो. हे दोन शब्द मुळातच वेगळ्या घरचे. सोफ्याला पुन्हा नवं कापड लावायचं तर शब्द 'री-कव्हर', मध्ये छोटी आडवी रेघ आणि 'री' दीर्घ. घड्याळाचा 'रि' ऱ्हस्व. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांना दिसतं, त्यामुळे हा फरक आपल्याला इंग्रजी वाचणाऱ्यांपेक्षा लवकर कळायला हवा.

आता पत्र. मी तुमच्या जागी असते तर पहिलं वाक्य त्यांच्यापासून सुरू केलं असतं, कारण सगळं त्यांनी केलंय : 'यू फाउंड माय फादर्स वॉच, अँड देन यू टुक द ट्रबल टू फाइंड मी.' घड्याळ सापडणं हा योगायोग होता, तुम्हाला शोधून काढणं हा नव्हता. दोन्ही एकाच 'फाइंड'ने सांगितलं की वाचणाऱ्याला ते आपोआप जाणवतं, वेगळं कौतुक करावं लागत नाही. पुढे तुमचं : 'आय नेव्हर थॉट आय वुड गेट इट बॅक.' इथे रिकव्हर घालायचा मोह होईल, कारण वाक्य फार साधं दिसतं. साधंच राहू द्या. तुमच्या मूळ वाक्यातलं 'बिकॉज ऑफ यू' मात्र काढून टाका. ते चुकीचं नाही, पण तक्रार करतानाही लोक तेच वापरतात. आभारासाठी 'थँक्स टू यू' बरं.

शेवटचं वाक्य तुमचंच, फक्त 'फ्रॉम' घालून आणि पुढे थोडं वाढवून. 'आय हॅव नॉट रिकव्हर्ड फ्रॉम हिज डेथ, बट हिज वॉच इज ऑन माय रिस्ट अगेन.' वाढवलेला भाग नको वाटला तर पहिल्या अर्ध्यावर थांबा, तेही पूर्ण वाक्य आहे. कोणी म्हणेल की अनोळखी बाईंना इतकं खासगी कशाला लिहायचं. पण त्यांनी घड्याळाच्या मागचं नाव वाचलं होतं. ते कोणाच्या तरी माणसाचं आहे हे ओळखूनच त्या तुम्हाला शोधायला निघाल्या असतील.

तीन आठवडे उशीर झाला म्हणून माफी मागायची असेल तर एका ओळीत मागा, पहिल्या ओळीत नको. आणि पुन्हा कोणाला वाचून न दाखवता पत्र आजच पाकिटात घाला.